बिजागरीतलं कुंकू

माझ्या सुनेला सोन्याची हौस नाही, जुन्या कॅमेऱ्यांची आहे. सोनं असतं तर मी मध्ये बोलले असते. कॅमेऱ्यातलं मला काय कळतं, म्हणून गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही हे करी रोडला सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा ते गप्प बसणंही मी जरा मोठ्यानेच केलं.

सीमा तिचं नाव. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत वाढलेली, वडील कचेरीत हेडक्लार्क. आमचं घर कोकणातलं आणि गिरणीतलं. माझे यजमान गिरणीत फिटर होते. ते गेले, मग चाळ पाडून टॉवर झाला, आणि आता मी, माझा मुलगा मयूर आणि सीमा असे तिघं चौदाव्या मजल्यावर राहतो. सीमा विम्याच्या ऑफिसात जाते. शुक्रवारी मात्र ऑफिसच्या आधी चोरबाजार गाठते आणि पदराखाली मूल लपवावं तसं काहीतरी ओढणीत गुंडाळून आणते. असे नऊ कॅमेरे झालेत. भिंगं वेगळी. सगळे रिळाचे. आत रीळ घालायचं, छत्तीस फोटो काढायचे, रीळ धुवायला द्यायचं आणि आठ दिवसांनी कळणार काय आलं नि काय गेलं. मयूर म्हणतो, "आई, ती माझ्यापेक्षा त्या कॅमेऱ्यांना जास्त पुसते." मी म्हटलं, "मग तूही चोरबाजारात जाऊन बस. कोणीतरी आणील तुला."

पण तिची निगा मला आवडायची, हे लपवत नाही. मुंबईच्या हवेत भिंगाला आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी. म्हणून ती सगळं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते, आणि आत चपलांच्या खोक्यात मिळतात त्या पुड्या टाकते. एका भिंगाची काच चहासारखी पिवळी पडली होती. ते तिने खिडकीत उन्हाला ठेवलं. त्याच खिडकीत मी पापड वाळत घातले. माझे पापड दोन दिवसांत वाळले, तिची काच महिन्याने पांढरी झाली. रोज ऑफिसला जाताना ती ते भिंग उचलून भिंतीसमोर धरायची, बघायची आणि परत ठेवायची. एवढा धीर या पिढीत मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही.

तर हे खंडेनवमीचं झालं.

आमच्या घरात नवमीला यंत्राची पूजा होते. यजमान सांगायचे, झाकणावर कुंकू लावलं तर ते झाकणाला लागतं, यंत्राला नाही. गिरणीत त्या दिवशी सगळी झाकणं काढायची, आतलं काळं पुसायचं, मुख्य चाकाला कुंकू लावायचं, मग झाकण बंद. तीच रीत मी घरात चालवली. शिलाई मशीनची पाटी सरकवून आत बोट. मिक्सर उलटा करून खाली बोट. मयूरच्या स्कूटरची सीट उघडून आत बोट. कॅमेऱ्यांना मात्र दरवर्षी बाहेरून, चामड्याच्या कव्हरवर. सीमाने पहिल्याच वर्षी सांगितलं होतं, "आई, कॅमेऱ्याला बाहेरूनच हं." मी विसरले असं सांगणार नाही. मला आठवत होतं.

पण यंदा त्यातला एक, जपानी, काळा, तिचा सगळ्यात लाडका, गणपतीनंतर दुरुस्त होऊन आला होता. गिरगावला रघुवीर म्हणून एक जुने कारागीर आहेत, त्यांनी त्याच्या मागच्या दाराला नवे स्पंज लावून दिले होते. मी विचार केला, यंत्र दुरुस्त होऊन आलंय, त्याची पूजा तरी नीट व्हावी. सीमा ऑफिसला गेलेली. डावीकडची बारकी चकती ती वर ओढते आणि मागचं दार टक्कन उघडतं, हे मी शंभरदा पाहिलं होतं. ओढली. उघडलं. आत तपकिरी पट्टी होती, आडवी, ताणून बसवलेली. तिला काही मी हात लावला नाही. दाराच्या बिजागरीशी कुंकवाचं बोट लावलं, झेंडूची पाकळी आत धरून बाहेर काढली, हात जोडले आणि दार लावलं. फार तर मिनिटभर. वर मनात म्हटलं, घ्या, आता याला पोचलं.

दसऱ्याला सीमाने त्याच कॅमेऱ्याने दाराचं तोरण आणि जिलेबी खाणारा मयूर असे पाच-सहा फोटो काढून रीळ संपवलं आणि दादरला धुवायला दिलं.

त्या रिळात काय होतं ते सांगायला हवं. सीमाचं लहानपण ज्या इमारतीत गेलं, ती सरकारने पाडायला काढली होती. वडील निवृत्त झाल्यावर ती माणसं तिथून निघाली. वडील आता बदलापूरला मुलाकडे असतात, गुडघ्यांनी बसलेत. इमारतीभोवती पत्रे ठोकायच्या आधी एका रविवारी सीमा तिथे गेली आणि रिकाम्या खोल्यांतून फिरून तीस फोटो काढून आली. स्वयंपाकघराचा ओटा, दारामागे पेन्सिलने लिहिलेल्या तिच्या उंचीच्या खुणा, वडिलांची खुर्ची असायची ती खिडकी. वडील रोज फोनवर विचारायचे, "सीमू, आले का गं फोटो?" नवमी-दसऱ्यात तिथे पत्रे लागले आणि आठवड्यात इमारत खाली आली.

रीळ आलं ते काळं.

सीमा दारातच चपला न काढता उभी राहिली आणि मयूरला म्हणाली, "लाइट गेला आत. सगळं गेलं." मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. बराच वेळ सोडला. पाण्याच्या बाबतीत ती फार काटकसरी आहे.

मी मयूरला विचारलं, "लाइट गेला म्हणजे काय रे?"

"फिल्मला उजेड लागला की ती मेली, आई. कॅमेऱ्याचं दार गळत असेल. नाहीतर कोणीतरी आत रीळ असताना दार उघडलं असेल. पण आपल्याकडे कोण उघडणार?"

"कोण उघडणार," मी म्हटलं.

तेव्हाच बोलायचं होतं. जीभ माझी कात्रीसारखी चालते, पण त्या संध्याकाळी ती टाळूला चिकटून बसली. मनात मी हिशेब लावत राहिले, की मिनिटभरच तर उघडलं होतं, मिनिटभराने काय होतंय. कोणाला पटवत होते कोण जाणे. भाजीत मीठ दोनदा घातलं. 

दुसऱ्या दिवशी सीमा कॅमेरा आणि रिळाची पट्टी घेऊन गिरगावला गेली. परत आली ती वेगळीच. डोळे कोरडे, आवाज कडक.

"काकांनी कबूल केलं," ती म्हणाली. "म्हणाले, स्पंज नीट बसला नाही, माझी चूक. चार वर्षं मी सगळ्यांना सांगते, मुंबईत हात असेल तर रघुवीरकाकांचा. आणि त्यांनी..."

माझ्या हातात गवारीची शेंग होती, ती तशीच राहिली. स्पंजाची चूक कशी असेल? दार तर मी उघडलं होतं. मग हा माणूस न केलेली चूक आपल्या अंगावर का घेतो?

सीमाने फोन काढला. त्यांचा एक ग्रुप आहे, रिळाचे कॅमेरे वापरणाऱ्यांचा, चाळीस-बेचाळीस जणांचा. त्यांच्यावरच त्या म्हाताऱ्याचं दुकान चालतं, हे तीच मला सांगायची. तिने मयूरला मेसेज वाचून दाखवला: गिरगावला काम देताना जपा, माझं पूर्ण रीळ गेलं, काकांचा हात आता पूर्वीचा राहिला नाही.

"एवढं लिहू नको गो," मी म्हटलं.

"का नको, आई? दुसऱ्याचंही जाईल ना."

तिने बोट दाबलं. गेला मेसेज.

त्या रात्री मला माझे यजमान आठवले. त्यांच्या खात्यात एकदा यंत्राचा पट्टा तुटून एका माणसाचा हात दुखावला होता. पट्टा बसवला होता जॉबरच्या, म्हणजे खात्याच्या मुकादमाच्या, मेव्हण्याने. नाव लागलं यांचं. हे बोलले नाहीत, म्हणाले, जाऊ दे शेवंती, त्याची बायको बाळंतीण आहे. पुढे गिरणी बंद होईपर्यंत कुठलाही पट्टा तुटला की लोक यांच्याकडे बघायचे. फिटरकडे दुसरं असतं काय? घर भाड्याचं, यंत्र मालकाचं, हात आणि नाव तेवढं आपलं.

सकाळी मयूर आणि सीमा कामावर गेल्यावर मी नऊवारी नीट नेसले, आणि बसने गिरगावला गेले. पत्ता सीमाच्या पिशवीतल्या पावतीवर होता. अक्षर लावत लावत वाचला, पण वाचला.

दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. उभं राहिलं तर डोकं आपटेल. आत एक बारीक म्हातारा, पंचाहत्तरीचा, एका डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून बसलेला. समोर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे, आणि अंड्याच्या एकेका खळग्यात एकेका कॅमेऱ्याचे स्क्रू. टेबल माझ्या देवघराहून स्वच्छ.

मी काही बोलायच्या आत माझ्या पाठोपाठ एक तिशीतला माणूस वाकून आत आला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. "काका, तो माझा कॅमेरा... राहू दे म्हटलं सध्या. नंतर बघू."

"उघडलाय रे शंतनु," म्हातारा म्हणाला. "परवापर्यंत होईल."

"नाही, घाई नाही ना काही. असाच द्या."

ट्रेच्या एका खळग्यातले स्क्रू म्हाताऱ्याने एकेक चिमट्याने उचलून जागच्या जागी बसवले, कॅमेरा फडक्यात बांधला आणि दिला. शंतनु जमिनीकडे बघत "थँक यू काका" म्हणाला आणि गेला. शेजारच्या फळीवर आणखी दोन गाठोडी बांधून तयार होती. तीही परत जाणार, हे कोणी सांगायची गरज नव्हती.

"काय हवंय बाई?" त्याने विचारलं.

"मी सीमाची सासू. करी रोडहून आले."

त्याने डोळ्यावरचं भिंग काढलं. मग एकच स्टूल होतं, ते पुसून पुढे केलं. "बसा वहिनी."

"बसायला नाही आले. स्पंज चांगला होता ना?"

"जरा कमी पडला."

"खोटं बोलू नका. या वयात शोभत नाही."

तो हसला. खण उघडून त्याने रिळाची पट्टी काढली आणि दिव्यासमोर धरली. "बघा. स्पंज गेला तर प्रत्येक फोटोत एकाच जागी रेघ येते. इथे तसं नाही. हे शेवटचे सहा बघा, स्वच्छ. तोरण दिसतंय दाराला. त्याच्या मागचे वीस-एकवीस ठार काळे. आणि आणखी मागे, अगदी सुरुवातीचे आठ-नऊ, कडेने काळे, पण मधे जीव आहे. म्हणजे तीस फोटो झाल्यावर आणि तोरण लागायच्या आधी कोणीतरी दार उघडलं. आत रीळ गुंडाळलेलं असतं, म्हणून आतल्या थरातले थोडे वाचले."

"सीमाला कळलं नाही?"

"ती रडत होती. रडताना माणूस फोटो मोजत नाही. आणि मी पट्टी लगेच ठेवून घेतली."

"आणि कोणी उघडलं ते?"

त्याने कॅमेरा काढला, दार उघडलं आणि सुईच्या टोकाने बिजागरी दाखवली. फटीत लाल बसलं होतं. माझंच कुंकू.

"आमच्या आईची हीच रीत," तो म्हणाला. "आमच्याकडे नवमीला वडिलांचा टाइपरायटर उघडायची."

"मग सीमाला का नाही सांगितलं?"

"काय सांगू? रीळ परत मिळतं, वहिनी. घरात एकदा शब्द गेला की तो नाही निघत. तिने मला विचारलं, काका, कशाने झालं? मला दोन वाक्यं सुचली. एकात तुमचं घर होतं, एकात मी. माझं काय, आज आहे उद्या दुकानाला कुलूप."

मला इतका राग आला की मी त्या स्टुलावर बसले.

"तुम्हाला माझ्या घराची पंचाईत कोणी सांगितली? माझं घर काय एवढं तकलादू आहे, की एका कॅमेऱ्याने मोडेल? आणि मोडलं तर मी मोडीन, मी बांधीन. तुम्ही कोण मध्ये दया करणारे?"

"दया नाही हो."

"दयाच ही. मी एका गिळणाऱ्या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढलीत. दुसऱ्याची चूक गिळलेली कधी पोटात जात नाही, सांगून ठेवते. इथे घशाशी बसते. आणि मग बायकांनी जन्मभर त्या माणसाला ताट वाढायचं, तो अर्ध्यावर उठतो आणि म्हणतो, आज भूक नाही. तुमच्या मंडळी आहेत?"

"गेल्या."

"सुटल्या."

हे बोलायला नको होतं. पण तो मोठ्याने हसला, आणि हसता हसता खोकला आला, तेव्हा मीच त्याच्या मडक्यातलं पाणी काढून दिलं.

"सून कशी आहे?" पाणी पिऊन त्याने विचारलं. "भांडेल?"

"भांडली असती तर सोपं होतं. ती गप्प बसते. वरच्या घरातली ना, कचेरीतली. आमच्याकडे कसं, एकदा भांडीकुंडी वाजली की जेवायला सगळे एकत्र."

"मग नका सांगू. विसरतील चार महिन्यांत."

"तुम्ही स्क्रू मोजा," मी म्हटलं. "ही पट्टी द्या इकडे."

संध्याकाळी सीमा आली, हात-पाय धुतले, चहा घेतला. तिचा कप रिकामा होईपर्यंत मी थांबले. उपाशीपोटी वाईट बातमी देऊ नये. मग पट्टी टेबलावर ठेवली.

"हे काकांकडे होतं," ती म्हणाली. "तुमच्याकडे कसं?"

"मी गेले होते. त्यांचा स्पंज चांगला आहे. दार मी उघडलं."

तिला कळलं नाही. "कुठलं दार?"

"कॅमेऱ्याचं. नवमीला. कुंकू लावायला. तू बाहेरून लाव म्हणाली होतीस, ते मला आठवत होतं, तरी उघडलं. आणि रीळ काळं आलं त्या दिवशी मयूरने सांगितलं तेव्हाच मला कळलं, की माझ्यामुळे झालं. तेव्हा बोलले नाही."

माफ कर हा शब्द माझ्या तोंडात येऊन थांबला होता. आयुष्यात मी तो देवापुढे सोडून कोणापुढे वापरलेला नाही. तो तसाच आत गेला.

"पण काका तर म्हणाले..."

"त्यांना बिजागरीत कुंकू दिसलं. आपल्या घरात भांडण नको म्हणून त्यांनी स्वतःवर घेतलं."

सीमाने पट्टी उचलली, ट्यूबलाइटसमोर धरली. सुरुवातीचे नऊ फोटो तिने एकेक करून पाहिले. कुठल्याशा एकावर थांबली. "ओट्याचा आहे हा," ती हळू म्हणाली. "खिडकीचा नाही. बाबांना खिडकीचा हवा होता."

आणि आत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी नीट वागली. हे मी तक्रार म्हणून सांगते. "आई, चहा." "आई, औषध घेतलंत?" "आई, गॅस बंद करते." प्रत्येक वाक्य इस्त्री केलेलं. तिच्या जागी आमच्या घोडपदेवची माझी बहीण रखमा असती, तर तिने माझ्या सात पिढ्यांची धुणी वाळत घातली असती आणि संध्याकाळी भजी तळली असती. मयूर दोघींच्या मधे रेफ्रीसारखा फिरत होता. त्याला म्हटलं, "तू टीव्ही बघ. हे बायकांचं आहे."

तिसऱ्या दिवशी, शनिवारी, ती डबे उघडून भिंगं पुसत बसली होती. मी समोर जाऊन बसले.

"ग्रुपवर सांगितलंस का?"

"सांगते आज. लिहून ठेवलंय."

"वाच."

तिने फोन काढला. "माझ्या रिळाबद्दल मी चुकीचं लिहिलं होतं. काकांच्या कामात दोष नव्हता. आत रीळ आहे हे विसरून दार माझ्याच हातून उघडलं गेलं. सॉरी काका."

"तुझ्या हातून?"

"आई, तेवढंच पुरे आहे. काकांचं नाव मोकळं होतं. बाकी कशाला सांगायचं लोकांना? हसतील ते. सासूने कॅमेऱ्यात कुंकू घातलं म्हणून."

आता मात्र मी हसले. खरंच हसले. "काय गो, माझ्या चुकीला एवढी मागणी? आधी तो म्हातारा म्हणतो माझी, आता तू म्हणतेस माझी. मयूरलाही विचार, त्यालाही थोडी दे. माझ्याकडे काही उरणार आहे की नाही?"

सीमा हसली नाही, पण फडकं खाली ठेवलं.

"मी तुम्हाला वाचवत नाहीये," ती म्हणाली. "मला राग आहेच तुमचा. अजून आहे. बाबांना काय सांगू ते कळत नाहीये. पण तुमच्यावर बाहेरच्या कोणी हसलेलं मला चालणार नाही."

हे वाक्य मी ऐकलं आणि मला एकदम उठून काहीतरी काम करावंसं वाटलं. उठले नाही.

"राग ठेव," मी म्हटलं. "आठ-नऊ वर्षांत तू पहिल्यांदा सरळ बोललीस. बाबांना मी फोन करीन, तू नको. आणि हे लिहिलेलं पूस. तू चार वर्षं त्या लोकांना कॅमेरे कसे धरायचे ते शिकवतेस. तूच आत रीळ असताना दार उघडलंस म्हटल्यावर तुझं कोण ऐकेल? एकाचं नाव धुवायला दुसऱ्याचं मळवायचं, ही कुठली रीत? त्या फोनमध्ये बोलायचं असतं ना, ते लाव. मी बोलते."

"व्हॉइस मेसेज? तुम्ही?"

"मला काय आवाज नाही?"

तिने फोन माझ्या तोंडासमोर धरला आणि बटणावर अंगठा ठेवला. मी बोलले ते असं:

"नमस्कार. मी शेवंती, सीमाची सासू बोलते, करी रोडहून. तुम्हा मंडळींना सीमाने सांगितलं की रघुवीर मिस्त्रींनी काम बिघडवलं. ते खोटं आहे. म्हणजे सीमा खोटं बोलली नाही, तिला तसं सांगण्यात आलं. खरं असं, की खंडेनवमीला त्या कॅमेऱ्याचं दार मी उघडलं आणि आत कुंकू लावलं. सुनेने नको सांगितलं होतं तरी लावलं. रीळ त्याने गेलं. मिस्त्रींना ते बिजागरीत दिसलं, पण माझी लाज राखायला त्यांनी आपल्यावर घेतलं. तो माणूस त्याच्या कामात एक नंबर आहे. ज्यांनी त्याच्याकडून कॅमेरे परत नेलेत त्यांनी आपापले परत नेऊन द्या. एक शंतनु म्हणून आहे, त्याला मी स्वतः पाहिलं, तो जमिनीकडे बघत होता. जमिनीकडे काय बघतोस, वर बघून विचारायचं होतं. हसायचं असेल तर मला हसा, सुनेला नाही. माझी चूक झाली. माफ करा."

ते शेवटचं कसं आलं मला ठाऊक नाही. ते मी ग्रुपला बोलत होते, बघत होते सीमाकडे.

तिने रेकॉर्डिंग थांबवलं, पण मेसेज लगेच पाठवला नाही. "शंतनुचं गाळून पुन्हा बोलता?" तिने विचारलं. "बिचारा मरेल लाजेने."

"राहू दे. लाजेने कोणी मरत नाही. मी आहे की समोर."

गेला मेसेज. मग टिंग टिंग सुरू झालं. काय आलं ते सीमाने मला सगळं वाचून दाखवलं नाही, मधे मधे गाळत होती, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं. दोघा-तिघांनी हसल्याची चित्रं टाकली. एका मुलीने लिहिलं, आमच्या आजीने लेन्सला तूप लावलं होतं. शंतनुचं काहीच आलं नाही.

बदलापूरला मी त्याच दुपारी फोन केला. व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ओट्याचा आलाय ना? तिची आई तिथेच उभी असायची. मी आपला खिडकी खिडकी करत होतो." आणि फोन ठेवला. हे मी सीमाला शब्द न शब्द सांगितलं. ती पुन्हा बाथरूममध्ये गेली, पण नळ थोडाच वेळ चालला.

पुढच्या रविवारी ती मला म्हणाली, "काकांकडे जातेय. येता?" येता का म्हणाली नाही, येता म्हणाली. मी गेले. चहाचा थर्मास आणि खोबऱ्याच्या वड्या बरोबर घेतल्या. रिकाम्या हाताने मी कोणाच्या दारात जात नाही.

जिन्याखाली चार माणसं वाकून उभी होती, सगळ्यांच्या हातात गाठोडी. म्हाताऱ्याने मला पाहिलं, नुसती मान हलवली आणि पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. आभार नाही, काही नाही. बरं वाटलं. सीमा त्याच्यासमोर गेली आणि काहीतरी बोलू लागली, तर तो म्हणाला, "ते राहू दे, तो दुसरा आणलास का, शटर अडकणारा?" तिने पिशवीतून काढून दिला.

तिच्या मागे शंतनु होता. त्याने मला ओळखलं, कान लाल झाले. पण या वेळी वर बघत होता. त्याने फडकं सोडलं आणि कॅमेरा टेबलावर ठेवला.

म्हाताऱ्याने भिंग डोळ्याला लावलं, कॅमेरा उलटसुलट केला आणि एकदम कडाडला. "काचेला बोट कोणी लावलं? लावलंस ना? हे तेलकट काय आहे? वडापाव खाऊन हात लावतोस? शिकलेला ना तू?"

"सॉरी काका."

"तीन आठवडे. आणि मधे फोन करायचा नाही."

"नाही करणार काका," शंतनु म्हणाला, आणि पावती घ्यायला हात पुढे केला.